रोडचे शिफ्टर, एमटीबीचे गिअर: टूरिंग सायकलसाठी काय जमतं

जांबोटीहून चोर्ला उतरताना काही जाणवणार नाही, पण गोव्याहून सामान लादून तोच घाट चढशील तेव्हा रोडचे, म्हणजे सपाट रस्त्यावर वेगाने पळवायच्या सायकलचे, गिअर जड जातील. पुढे ३४ आणि मागे २८ दातांवर पॅडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर जाते. एमटीबीचे, म्हणजे माउंटन बाइकचे, पुढे २६, मागे ३४ केलंस तर साधारण १.६ मीटर. गुडघ्यांना हेच बरं.

शिमानो कंपनीचं ९ स्पीड, म्हणजे मागे नऊ चक्रांचं, घे. त्यात रोडचा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) एमटीबीच्या मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आणि कॅसेटला (मागच्या चक्रांचा संच) बिनधास्त चालतो. १० स्पीडच्या एमटीबी डिरेलरला मात्र केबलची ओढ वेगळ्या मापाची लागते, रोडच्या शिफ्टरवर गिअर कधीच नीट बसत नाहीत. दुकानात कुणी 'बसतंय की' म्हणालं तरी घेऊ नकोस.

एमटीबीच्या पुढच्या डिरेलरचीही ओढ रोडच्या शिफ्टरशी जुळत नाही. तिथे टप्पे नसलेला फ्रिक्शन शिफ्टर लाव, हाताने अंदाज पटकन येतो.

चेन तोडायची घाई नको. पुढच्या-मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रांवरून, डिरेलरमधून न ओवता, गुंडाळून बघ आणि दोन कड्या जास्त ठेव. आखूड राहिली आणि चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला, तर हँगर, म्हणजे मागचा डिरेलर फ्रेमला अडकवायची पट्टी, वाकलाच समज. कणकुंबीच्या पुढे तो कुठे मिळायचा? एक जादा हँगर पिशवीत असू दे.