खोकल्यावरच्या पारंपरिक औषधांना पुरावा आहे का?

तुम्ही विचारलंय की आठ दिवस झाले, कोरडा खोकला जात नाही, घरचे मध, अडुळसा, ज्येष्ठमध, हळदीचं दूध असं सगळं सुचवतायत, तर यांतलं तपासून सिद्ध झालेलं काय आहे. मी फार्मसीच्या विद्यार्थ्यांना वनौषधी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्दीनंतरचा साधा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो. आपली अपेक्षा मात्र आठवडाभराची असते. मग आठव्या-नवव्या दिवशी वैतागून आपण काढा सुरू करतो, त्याच सुमाराला खोकला आपसूक उतरणीला लागतो आणि श्रेय काढ्याला जातं. म्हणून ‘आमच्याकडे गुण आला’ एवढ्यावर मी विसंबत नाही. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशाच रंगाचं, तशाच चवीचं दुसरं काहीतरी देऊन पाहिलं, तरच फरक कळतो.

मधाची अशी परीक्षा झाली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या एका चाचणीत १ ते ५ वर्षांची ३०० मुलं होती. झोपण्याआधी अर्धा तास प्रत्येकाला १० ग्रॅम मध दिला; एका गटाला मधाऐवजी खजुराचा अर्क, कारण तो दिसायला आणि चवीला मधासारखाच असतो. कुणाला काय मिळालं हे आईवडिलांनाही माहीत नव्हतं. खजूरवाल्या मुलांनाही बरं वाटलं, पण मधवाली मुलं रात्री आणखी कमी खोकली. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याचा सूरही तोच आहे: मुलांच्या खोकल्यावर मध काहीच न देण्यापेक्षा सरस, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन या नेहमीच्या औषधाच्या जवळपास बरोबरीचा. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो.

अडुळसा माझ्या आवडीचा विषय. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सीन तयार झालं आणि त्यातून पुढे अँब्रोक्सॉल आलं. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी सिरपांत आज हीच दोन औषधं असतात. म्हणजे परंपरेने अचूक झाड हेरलं होतं. पण घरी काढलेल्या रसात व्हॅसिसीन किती उतरलं हे सांगता येत नाही, आणि त्या रसाच्या मोठ्या, नीट केलेल्या चाचण्या फारशा नाहीत. शिवाय त्याचा रोख कफ सुटण्यावर आहे. तुमचा खोकला कोरडा, त्यामुळे मी त्याच्यावर फार भिस्त ठेवणार नाही. गरोदरपणात तर तो टाळाच, गर्भाशय आकुंचन पावण्याची भीती असते.

ज्येष्ठमधाने घसा मऊ पडतो. शस्त्रक्रियेआधी त्याच्या गुळण्या केलेल्या रुग्णांना भूल उतरल्यावर घसादुखी आणि खोकला कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलंय. सर्दीच्या खोकल्याबद्दल मात्र तितका भक्कम पुरावा नाही. तुकडा अधूनमधून चघळायला हरकत नाही, पण रोज भरपूर घेतल्यास त्यातल्या ग्लिसिरायझिन या घटकामुळे रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं.

हळदीचं दूध गरम असतं म्हणून घशाला बरं वाटतं. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी उतरतं, तेव्हा त्यापलीकडे अपेक्षा नको.

तुमच्या जागी मी रात्री झोपताना चमचा-दीड चमचा मध घेईन (मधुमेह नसेल तर), दिवसभर कोमट पाणी पीत राहीन आणि बाकी आवडीप्रमाणे. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर क्षयाची तपासणी करून घ्या. रक्त पडलं, दम लागला, ताप उतरेना किंवा वजन घटायला लागलं तर तेवढंही थांबू नका. आणि रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू आहे का ते पाहा. या गोळ्यांनी अगदी असाच कोरडा, चिवट खोकला येतो आणि तो कुठल्याच काढ्याने जात नाही. तसं असेल तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.