सिकलसेल ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे आजारच का?

प्रश्न : माझी सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली. त्रास काहीच नाही. लग्न करावं का? (एक वाचक, गडचिरोली)

उत्तर : जरूर करा, पण आधी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी) तपासणी करून घ्या. रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन असेल तर सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ होतं, एवढंच. वाहक (एएस, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेला) कोण आणि रुग्ण (एसएस, म्हणजे दोघांकडूनही आलेला) कोण, हे तिच्यावरून ठरत नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात हिमोग्लोबिन बनवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकातलं एकच अक्षर बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वाहकात निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन चांगलं असतं, म्हणून सहसा त्रास होत नाही.

जोडीदाराचीही तीच तपासणी हवी. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. ‘एक मूल रुग्ण झालं, आता पुढची तीन सुरक्षित’ हा समज साफ चुकीचा आहे.