लाकडी घर, पीएफ आणि पॉलिसीचे 40 लाख

प्रश्न : वय 50, पुण्यात खासगी नोकरी, पत्नी गृहिणी, मुलगी दहावीत. घरखर्च महिना 50 हजार. मुळशीत घेतलेल्या पाच गुंठ्यांवर ओंडक्यांचे लाकडी घर बांधायचे आहे; खर्च 25 लाख. बँक गृहकर्ज देत नाही. पीएफमधून रक्कम काढू की वैयक्तिक कर्ज घेऊ? आठ वर्षांनी, निवृत्तीच्या वेळी, पॉलिसीचे 40 लाख येणार असल्याने भरपाई होईलच.

उत्तर : आपला प्रश्न घराचा आहे, परंतु मला काळजी वाटते ती पत्रातील शेवटच्या वाक्याची. आपल्या पॉलिसीचा दीड लाखाचा वार्षिक हप्ता 12 वर्षे, म्हणजे आपण एकूण 18 लाख भरणार. त्याचे 40 लाख व्हायचे तर दरसाल 12 टक्के परतावा हवा, आणि तेवढा देणारी बोनसची पारंपरिक पॉलिसी माझ्या पाहण्यात एकही नाही. विमा कंपनीच्या लाभांच्या तक्त्यातसुद्धा 4 आणि 8 टक्के हीच गृहीतके असतात. 8 टक्के धरले तरी रक्कम 31 लाखांपुढे जात नाही. प्रत्यक्षात कमिशन, खर्च आणि विम्याची किंमत वजा होऊन अशा पॉलिसी 5 टक्क्यांच्या आसपास राहतात, म्हणजे हाती येतील 25 लाख. 40 लाखांचा आकडा एजंटने वहीच्या पानावर पेनाने लिहून दिला, असे आपणच कळवता. कंपनीच्या कागदावर नसलेला आकडा सांगून पॉलिसी गळ्यात मारणे ही सरळ फसवणूक आहे.

पीएफचे 25 लाख हलवले नाहीत, तर सध्याच्या 8.25 टक्के दराने आठ वर्षांत त्यांचे सुमारे 47 लाख होतील. ते काढून पॉलिसीच्या 25 लाखांनी भरपाई केली, तरी निवृत्तीच्या दिवशी 22 लाख कमी पडतील. वैयक्तिक कर्ज 12 टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता 44 हजार. घरखर्चाइतकाच दुसरा खर्च. दोन्ही नकोत.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की या पॉलिसीतले विमा संरक्षण अवघे 15 लाख आहे आणि दुसरा विमा आपल्याकडे नाही. उद्या आपले काही बरेवाईट झाले, तर ते अडीच वर्षांत संपतील आणि मुलगी तेव्हा जेमतेम बारावी झालेली असेल. म्हणून आधी एक कोटीचा मुदत विमा (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा टर्म प्लॅन) घ्या. तो हातात पडल्यावरच, चार हप्ते भरलेली ही पॉलिसी बंद केल्यास किती मिळतील आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवल्यास, किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. उरलेल्या आठ हप्त्यांचे 12 लाख तिच्यात घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता घर. सातबारा सामाईक, म्हणजे इतरांच्याही नावे आहे आणि जमीन अकृषिक झालेली नाही, म्हणून बँकेने नकार दिला. तो नकार आपल्या हिताचा आहे. लाकडी घर ‘तात्पुरते’ असल्याने परवानगी लागत नाही, हे लाकडी घर विकणाऱ्या केबिनवाल्याचे म्हणणे चुकीचे आहे. राहते घर लाकडाचे असले तरी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) परवानगी हवीच. शिवाय मुळशीचा पाऊस लाकडाला सोसत नाही. एका परिचितांच्या अशाच लाकडी केबिनमध्ये जोते बुटके होते आणि पागोळ्या थेट भिंतीवर पडत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सर्वांत खालच्या ओंडक्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत शिरला. वाळवीची फवारणी आणि लाकडाला नियमित तेल-पॉलिश यांचा खर्च 25 लाखांत धरलेला नाही.

प्रथम वकिलाकडून सातबारा आणि फेरफार तपासून घ्या, आणि जागा आपल्या स्वतंत्र नावावर होईपर्यंत केबिनवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.