क्रीम बंद केलं की चेहरा बिघडतो, मग बंद कशाला करायचं?

सांगलीत एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात मी आठवड्यातून दोन दुपारी बसते. स्किनच्या दवाखान्यात समुपदेशकाचं काय काम, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. आता वाटत नाही.

ती आली ती फक्त डोळे दाखवत. स्कूटीवर बांधतात तसा स्कार्फ, आत आल्यावरही सोडला नाही. वय चोवीस, पतपेढीत नोकरी, सोबत आई. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘स्टेरॉइड बंद करायला तयार नाही.’

बसल्याबसल्या तिनेच मला विचारलं, “मॅडम, क्रीम लावते तोवर चेहरा छान असतो. चार दिवस नाही लावलं की लाल होतो, आग होते, पुटकुळ्या येतात. मग वाईट क्रीम, की क्रीम न लावणं?”

हा प्रश्न माझ्यापुढे सारखा येतो. आणि तो खुळा नाही. डोळ्यांना जे दिसतं त्यावरून कुणीही असाच हिशेब मांडेल.

गोरं व्हायचं हे क्रीम मावसबहिणीने सुचवलेलं. तिचं लग्न जमलं होतं, म्हणजे क्रीम गुणाचं! मग महिन्याला एक ट्यूब, मेडिकलमधून, तीन वर्षं. ट्यूब पर्समध्येच होती. मागे बारीक अक्षरांत तीन नावं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टेरॉइड आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

असं मिश्रण 1975 मध्ये अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी मांडलं. त्यात स्टेरॉइड डेक्सामेथासोन होतं. आज असं मिश्रण वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवर देतात, तेही ठरावीक आठवडे आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. सावळ्या मुलीने गोरं व्हायला रोज रात्री फासावं म्हणून नाही. (आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ आलं तेही 1975 मध्येच. योगायोग, पण माझ्या डोक्यातून जात नाही.) 2018 मध्ये सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तिच्याकडे तीन वर्षांत कुणी चिठ्ठी मागितली नाही.

पहिल्या भेटीत मी चुकले. “रंगात काय असतं गं?” असं बोलून गेले. ती गप्प झाली. आई म्हणाल्या, “तुमचं काय जातंय मॅडम बोलायला. दोन स्थळं फोटो बघूनच परत गेली.” खरं होतं. मी तिच्या घरातल्या अडचणीवर सुविचार चिकटवत होते.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनाच बोलावलं. त्यांनी सांगितलं: स्टेरॉइडने कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, सूज दबते, म्हणून चेहरा नितळ दिसतो. वर्षानुवर्षं लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल रेषा उमटतात, लव वाढते. औषध थांबलं की आक्रसलेल्या वाहिन्या एकदम फुलतात. तीच ती लाली, तीच आग. पुन्हा लावलं की शांत.

ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे व्याज भरायला नवीन कर्ज. आमच्या पतपेढीत आहेत असे खातेदार.”

मी आणि डॉक्टर एकमेकींकडे बघत राहिलो.

“किती हप्ते?” तिने विचारलं.

“काही महिने धर. पहिले काही आठवडे जड जातील,” डॉक्टर म्हणाल्या.

औषधाची बाजू त्यांची. आधी सौम्य मलम, तेही कमी करत करत. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, पुटकुळ्यांसाठी गोळ्या. लिंबू, बेसन, हळद, फेशियल सगळं बंद. माझ्याकडे उरलं घर. चार महिने स्थळांना फोटो पाठवायचा नाही, बघायला कुणाला बोलवायचं नाही, यावर आईंशी दोन बैठका झाल्या. “वय वाढतंय,” म्हणाल्या. शेवटी दिवाळीनंतर बघू, यावर आल्या. आत्या घरी येणार, “चेहऱ्याला काय झालं?” विचारणार, हे ठरलेलंच, त्यावर “औषध चालू आहे” एवढंच बोलून चहा ठेवायचा, याची आम्ही चक्क तालीम केली.

आरसा सगळ्यात वाईट. पतपेढीच्या बाथरूममध्ये, मोबाइलच्या काळ्या काचेत, ती दिवसभर चेहरा बघायची. दर तासाला बघितलं तर बरं होताना दिसणार कसं? मग ठरवलं, दर रविवारी सकाळी त्याच खिडकीपाशी एकच फोटो. तुलना रविवारची रविवारशी.

बाराव्या दिवशी रात्री फोन आला. रडत होती. “थोडंसंच लावू का? उद्या ऑडिट आहे.” तेव्हा कळलं, अर्धी ट्यूब अजून कपाटात होती. टाकून दे म्हटलं असतं, तर नवी आणायला वेळ लागला नसता. गार पाण्याची पट्टी ठेव म्हटलं, आणि सकाळी ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे ये. आली. ट्यूब माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. ऑडिटला स्कार्फ न सोडता बसली.

एक सांगायलाच हवं, कारण हे ऐकून लोक दुसऱ्या टोकाला जातात. एक्झिमाला किंवा सोरायसिसला डॉक्टरांनी मोजून दिलेलं स्टेरॉइड मलम घाबरून सोडू नका. आणि वर्षानुवर्षं चेहऱ्याला लावलेलं असलं तर आपल्या मनाने झटक्यात थांबवूही नका. ट्यूब घेऊन दवाखान्यात जा. नावाच्या शेवटी ‘सोन’ दिसलं, किंवा क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन दिसलं, तर नक्कीच.

पाचव्या महिन्यात तिने आत आल्याआल्या स्कार्फ सोडला. रंग तिचा स्वतःचा, सावळा. नाकाच्या कडेला लाल रेषा अजून होत्या. डॉक्टर म्हणाल्या, त्यातल्या काही राहतीलही. रविवारचे फोटो तिने मला ओळीने दाखवले, बँकेचं पासबुक दाखवावं तसे.

आई दारातच उभ्या होत्या. त्यांच्याही गालावर तशाच बारीक रेषा होत्या. इतक्या भेटींत माझ्या लक्षात आल्या नव्हत्या. पिशवीतून त्यांनी एक चेपलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

“हिची उरलेली मी लावायची,” त्या म्हणाल्या. “माझेपण हप्ते बांधून द्या.”