बॅगेवरची तीन अक्षरं

सुट्टीत प्रवास करून आलेल्या बऱ्याच वाचकांनी यंदा एकच गोष्ट विचारली आहे: विमानतळावर बॅगेला जी चिठ्ठी लावतात, तिच्यावरची ती ठळक तीन अक्षरं येतात कुठून? माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे हा. जुन्या चिठ्ठ्या मी ॲटलासमध्ये त्या त्या देशाच्या पानात जपून ठेवल्या आहेत. म्हणून आजचा सगळा रकाना याच प्रश्नांना.

प्रश्न: ‘मुंबई’ हे नाव अधिकृत होऊन तीस वर्षं झाली, तरी तिकिटावर अजून बीओएमच. हे कधी बदलणार? (एक वाचक, दादर)

बहुतेक कधीच नाही. हे संकेत आयाटा ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना देते आणि एकदा दिलेला संकेत कायमचा, असा तिचा दंडक आहे. बदलायचा तर कारण भक्कम लागतं, तेही प्रामुख्याने हवाई सुरक्षेचं. गयेचा जीएवाय हा संकेत इंग्रजीत ‘गे’ असा वाचला जातो, तो तीर्थक्षेत्राला शोभत नाही, अशी हरकत संसदेच्या एका समितीने घेतली होती. तेव्हाही आयाटाने हेच उत्तर दिलं.

म्हणून 1995 नंतरही मुंबई बीओएम राहिली. 1996 मध्ये मद्रासचं चेन्नई झालं, पण एमएए तसाच. 2001 मध्ये कलकत्त्याचं कोलकाता झालं, सीसीयू तसाच. सेंट पीटर्सबर्गला विमान उतरतं ते आजही एलईडीवर, म्हणजे लेनिनग्राडला. यांगूनचा आरजीएन रंगूनचा आहे, हो ची मिन्ह सिटीचा एसजीएन सायगावचा. विसाव्या शतकाचा नकाशा कुठल्या संग्रहालयापेक्षाही या चिठ्ठ्यांवर चांगला जपला गेलाय असं मला मनापासून वाटतं, आणि बीओएम पुसू नये असंही वाटतं. शहराचं नाव आपलं आहे, ते मुंबईच. संकेत ही त्या नावाची जुनी नोंद आहे.

अपवाद आहेत. न्यूयॉर्कच्या आयडलवाइल्ड विमानतळाचा संकेत आयडीएल होता. केनेडींच्या हत्येनंतर विमानतळाला त्यांचं नाव मिळालं आणि संकेत जेएफके झाला. पण मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते कझाकस्तानच्या राजधानीचं. तिचा संकेत होता टीएसई, म्हणजे सोव्हिएत काळातलं त्सेलिनोग्राद. 2019 मध्ये माजी अध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव यांच्या सन्मानार्थ शहराचं नाव अस्तानाचं नूर-सुलतान केलं. मग 2020 मध्ये संकेतही एनक्यूझेड झाला. पुढे 2022 मध्ये शहर पुन्हा अस्ताना झालं. संकेत मात्र एनक्यूझेडच राहिला! नावामागे संकेत पळवायला लागलं की काय होतं ते इथे दिसतं.

उलट प्रकारही घडतो. 2008 मध्ये बंगळूर आणि हैदराबादला शहराबाहेर नवे विमानतळ झाले, तेव्हा बीएलआर आणि एचवायडी हे संकेत जुनी धावपट्टी सोडून नव्या जागी राहायला गेले. हैदराबादच्या बेगमपेट या जुन्या विमानतळाला मग बीपीएम हा वेगळा संकेत मिळाला.

प्रश्न: आमच्या बेळगावचा संकेत आयएक्सजी. यात बेळगावचं काय आहे? (एक वाचिका, बेळगाव)

फक्त शेवटचा जी, तुमच्या इंग्रजी स्पेलिंगच्या मधोमध असलेला. भारतातल्या वीसेक विमानतळांचे संकेत आयएक्सने सुरू होतात आणि त्यांतलं ओळखीचं अक्षर बहुधा तिसरं असतं: जम्मूचा जे, लेहचा एल, मदुराईचा एम, रांचीचा आर. बी बागडोगराकडे आहे, ए आगरतळ्याकडे. छत्रपती संभाजीनगरचा आयएक्सयू बघा, तो यू जुन्या ‘औरंगाबाद’च्या स्पेलिंगमधलं दुसरं अक्षर आहे.

प्रश्न: पुण्याच्या पीएनक्यूमध्ये क्यू कशाला? (एक वाचक, कोथरूड)

पुण्याच्या नावात क्यू नाही हे खरंच. पण मनाला येणारे सोपे पर्याय आज दुसऱ्यांकडे आहेत: पीयूएन काँगोतल्या पुनियाकडे, पीओओ ब्राझीलमधल्या पोसोस दे काल्दासकडे. पुण्याची ओळख पटवायची तर वैमानिकांचा चार अक्षरी संकेत बघा: व्हीएपीओ. त्यातलं पीओ जुन्या ‘पूना’चं. हे चार अक्षरी संकेत इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीचे आणि त्यांच्यात भूगोल भरलेला असतो. भारतात व्हीए म्हणजे पश्चिम विभाग, व्हीआय उत्तर, व्हीई पूर्व, व्हीओ दक्षिण. मुंबईचा व्हीएबीबी, नागपूरचा व्हीएएनपी. एवढं कळलं की अनोळखी संकेत वाचूनही विमानतळ देशाच्या कुठल्या अंगाला आहे ते सांगता येतं.

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीला, भाचा टोरांटोला. एकाच्या तिकिटावर ईडब्ल्यूआर, दुसऱ्याच्या वायवायझेड. नेवार्कचा एन कुठे गेला? (एक आजोबा, डोंबिवली)

नौदलाकडे गेला, आजोबा. अमेरिकेत एनने सुरू होणारे संकेत नौदलासाठी राखून ठेवले होते. नेवार्कचा पहिला एन गळला आणि पुढच्या अक्षरांतून ईडब्ल्यूआर बनला. नॉरफोकचा ओआरएफ होण्याचं कारणही तेच.

कॅनडाचे संकेत बहुतेक वायने सुरू होतात. टोरांटोचा विमानतळ माल्टनमध्ये आहे आणि माल्टनच्या तारघराची खूण वायझेड होती. तिच्या सुरुवातीला आणखी एक वाय लागला.

शिकागोचा ओआरडीही याच पंगतीतला. तिथे पूर्वी ऑर्चर्ड प्लेस नावाची वस्ती होती; ऑर्चर्ड म्हणजे फळबाग. दुसऱ्या महायुद्धात डग्लस कंपनीने तिथे मालवाहू विमानं बांधली आणि धावपट्टीला ऑर्चर्ड फील्ड म्हणू लागले. 1949 मध्ये विमानतळाला युद्धात मरण पावलेले नौदलाचे वैमानिक एडवर्ड ओहेअर यांचं नाव दिलं. चिठ्ठीवर मात्र फळबाग कायम राहिली.

प्रश्न: काका, मी आठवीत आहे. शाळेच्या भूगोल क्विझसाठी हे संकेत पाठ कसे करू? (एक विद्यार्थिनी, सातारा)

पाठ करूच नकोस, बेटा. तीन अक्षरांचे 17,576 संच होऊ शकतात, ते घोकून काय उपयोग? नकाशा उघडून एकेका संकेताचा माग काढ. सिनसिनाटी ओहायो राज्यात आहे, पण संकेत सीव्हीजी. तो कव्हिंग्टनचा, आणि कव्हिंग्टन नदीपलीकडे केंटकी राज्यात. विमानतळही त्याच काठावर आहे. स्वित्झर्लंडच्या बाझल शहराचा विमानतळ फ्रान्सच्या भूमीवर आहे, आणि त्याला तीन संकेत आहेत: बीएसएल, एमएलएच, ईएपी. एचवायडी आपलं हैदराबाद, तर एचडीडी सिंधमधलं. सिडनीही दोन आहेत: ऑस्ट्रेलियातली एसवायडी आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची वायक्यूवाय. ऑस्ट्रेलियाला निघालेली माणसं खरोखरच या दुसऱ्या सिडनीत जाऊन उतरली आहेत. अशी एक गोष्ट कळली की त्यातले देश, नद्या, सीमा आपोआप डोक्यात बसतात.

प्रश्न: मुलगा दिल्लीहून गोव्याला येतोय. त्याला आणायला दाबोळीला जायचं की मोपाला? (एक वाचक, सावंतवाडी)

तिकिटावरचं शेवटचं अक्षर बघा. जीओआय असेल तर मुरगाव तालुक्यातलं दाबोळी, जीओएक्स असेल तर पेडणे तालुक्यातलं मोपा. मोपावरून जानेवारी 2023 पासून विमानं सुटतात आणि सावंतवाडीकरांना तेच जवळ. मुंबईचंही आता असंच आहे: बीओएम म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. गाडीवाल्याला नुसतं ‘गोवा एअरपोर्ट’ सांगू नका, ही तीन अक्षरं आदल्या रात्रीच लिहून पाठवा.