घरी कॉकटेलसाठी छोटा बार लावायचाय, आधी कोणत्या बाटल्या घेऊ?

तुम्ही घरच्या बारसाठी टकिलासकट बारा बाटल्यांची यादी दिलीय आणि विचारायलात की यातल्या आधी कोणत्या घेऊ. मी म्हणेन तीनच घ्या, जिन, रम आणि व्हिस्की, आणि उरलेला सगळा जीव बर्फ, लिंबू अन् मापात घाला. मी इथं संभाजीनगरला सात-आठ वर्षं घरी बनवतोय, सुरुवातीला मीपण निळी लिकर (लिकर म्हणजे गोड, चव घातलेली दारू), कॉफीची, नारळाची असं बरंच काही आणलं होतं, निळी अजून अर्धी पडून आहे.

सगळ्यात आधी परमिट काढून घ्या, महाराष्ट्रात दारू घ्यायला अन् घरी ठेवायला परवाना लागतो, आणि व्हिस्की, रम, जिनसाठी वय 25 पूर्ण पाहिजे. गोव्याहून स्वस्त पडते म्हणून गाडीत टाकून आणू नका, ती बाटली तिथल्या विक्रीची असते, इकडं पकडली की केस होते.

जिन ड्राय प्रकारची, म्हणजे गोड नसलेली घ्या, गोव्यात बनणारी ग्रेटर दॅन 2017 ला आली ती टॉनिकमध्ये पण चालते अन् लिंबात पण. रममध्ये ओल्ड माँक. डायकिरी या रम-लिंबाच्या कॉकटेलला खरं तर पांढरी रम लागते, पण मी ओल्ड माँक 60 मिली, कागदी लिंबाचा रस 25 अन् गुळाचा पाक 20 असं घेतो आणि भरपूर बर्फात हलवतो, आमच्या घरी पाहुणे हेच परत मागतात. पाकाला गूळ अन् पाणी सारखं घ्या, कोमट करून विरघळवा, फडक्यातून गाळा म्हणजे कचरा राहत नाही, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो.

चौथी बाटली व्हर्मूथची, पण निग्रोनी किंवा मॅनहॅटन ही कॉकटेल करणार असाल तरच. ही मुळात वाइन आहे, 15 ते 18 टक्क्यांची, म्हणून उघडली की फ्रीजमध्येच ठेवायची अन् महिना-दोन महिन्यात संपवायची. मी पहिली बाटली एप्रिलमध्ये उघडून शोकेसमध्ये ठेवली होती, आपल्याकडं मे मध्ये पारा 42 ला जातो, महिन्याभरात तिचा वास आंबट यायला लागला आणि अख्खी बाटली ओतून द्यावी लागली, फार वाईट वाटलं. जिन-रम-व्हिस्कीला तसं होत नाही, फक्त उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.

लिंबू मात्र रोजचंच, कापायच्या आधी हाताखाली दाबून फिरवून घ्या, बाटलीतला रस अजिबात नको. आपल्या जालन्याची मोसंबी लई गोड पण आंबटपणा कमी, नुसत्या मोसंबीवर व्हिस्की सावर (व्हिस्कीचं आंबट-गोड कॉकटेल) केलं तर फिक्कं लागतं, त्यात 15 मिली लिंबू घाला मग जमतं.

आता बर्फ, यावर लोक लक्षच देत नाहीत आणि माझ्या मते निम्मं कॉकटेल तेच आहे. बोअरचं पाणी खारट असेल तर बर्फ पण खारट होतो, जारचं किंवा आरओचं पाणी घ्या. ट्रेमधून काढून झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर त्याला लसणाच्या पेस्टचा वास लागतो, ड्रिंकमध्ये लगेच कळतो. लाइट गेली की बर्फ वितळून परत गोठतो अन् सगळा एकच गोळा होतो, म्हणून पाहुणे येणार असतील तर आदल्या रात्री भरून ठेवा, वाटतो त्याच्या दुप्पट. शेकरमध्ये (झाकणाचं हलवायचं भांडं) 12-15 सेकंद जोरात हलवायचं, त्यात जे पाणी सुटतं ते पण रेसिपीचाच भाग आहे, कमी हलवलं तर ड्रिंक घशाला लागतं.

शेकर नसला तरी झाकणाची काचेची बरणी अन् चहाची गाळणी चालते, मी दोन वर्षं तसंच केलं. पण 30-60 मिलीचं माप पहिल्या दिवशीच घ्या, अंदाजानं ओतलेलं ड्रिंक एकदा जमतं अन् दुसऱ्यांदा बिघडतं. बिटर्सची (कडू, मसालेदार अर्क) एक छोटी बाटली मिळाली तर घ्या, ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलला दोन-तीन झटकेच लागतात, वर्षभर संपत नाही.

तुमच्या यादीतली टकिला सध्या राहू द्या, मार्गारिटा करायचं तर सोबत संत्र्याची लिकर पण लागते म्हणजे एका ड्रिंकसाठी दोन बाटल्या झाल्या. घ्याल तेव्हा लेबलवर 100 टक्के अगावे (ज्या झाडापासून टकिला बनते ते) लिहिलंय का तेवढं बघा.