‘मध्यवर्ती आलेख’ की मधला ग्राफ?

प्रश्न असा आहे. जावा या संगणकभाषेच्या कंपायलरवरच्या (लिहिलेला कार्यक्रम यंत्राला कळेल अशा आदेशांत उतरवणारा तो कंपायलर) एका लेखाचं भाषांतर करताना प्रश्नकर्तीने लिहिलं, ‘कंपायलर बाइटकोडपासून मध्यवर्ती आलेख बांधतो.’ तपासणाऱ्याने समासात खूण केली, ‘आलेख बांधतात का? काढतात ना?’ आता ‘बांधतो’चं ‘काढतो’ केलं की काम भागेल, की आणखी काही बदलायला हवं?

तपासणाऱ्याचा कान तयार आहे, पण बोट भलत्या शब्दावर पडलं आहे. क्रियापद ठीक आहे. बिघाड त्याच्या आधीच्या दोन्ही शब्दांत आहे.

आधी ‘मध्यवर्ती’. मराठीत मध्यवर्ती म्हणजे जे केंद्रस्थानी आहे, ज्याच्याभोवती बाकीचं फिरतं. मध्यवर्ती बसस्थानक, मध्यवर्ती कार्यालय, कथेची मध्यवर्ती कल्पना, येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह. इथे मात्र सांगायचं आहे ते ‘दोहोंच्या मधलं’. एका टोकाला बाइटकोड, म्हणजे जावातला कार्यक्रम आधी ज्या बारक्या आदेशांत उतरवतात ते, दुसऱ्या टोकाला यंत्राला थेट कळणारे आदेश, आणि त्या प्रवासात घटकाभर घेतलेलं हे रूप. यंत्राचे आदेश तयार झाले की हे मधलं रूप टाकूनही देतात. अशा टाकाऊ वस्तूला मध्यवर्ती म्हणणं म्हणजे मुक्कामाच्या धर्मशाळेला राजधानी म्हणण्यासारखं झालं. कुणी म्हणेल, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं काय? ती तर खरोखरच मधली, वर राज्य सहकारी बँक आणि खाली गावची सोसायटी. खरं आहे, पण तिला ते नाव मधली म्हणून मिळालेलं नाही, जिल्ह्यातल्या सोसायट्यांचं केंद्र म्हणून मिळालं आहे. दोन्ही अर्थ एका जागी आले हा योगायोग. ‘मध्यस्थ’ही नको, त्यात भांडण मिटवणारा किंवा दलाल डोकावतो. आपल्याकडे साधा, घरचा ‘मधला’ आहे. मधला भाऊ, मधली सुट्टी, मधला ग्राफ. शास्त्रीय लिखाणात तो हलका वाटेल ही भीती मला पटत नाही.

आता ‘आलेख’. हा शब्द मुळात उत्तम आहे. लिख् या धातूचा जुना अर्थ ओरखडणं, रेघ ओढणं. ग्रीकमधल्या ज्या क्रियापदावरून ‘ग्राफ’ आला त्याचाही जुना अर्थ तोच, कोरणं, खरवडणं, मग लिहिणं. व्युत्पत्तीने पाहिलं तर याहून बिनचूक प्रतिशब्द मिळणार नाही. आणि तरीही तो इथे चालत नाही. कारण शाळेत आपण आलेखकागदावर दोन अक्ष काढून बिंदू जोडले आहेत, स्तंभालेख आणि वृत्तालेख रंगवले आहेत. मराठी वाचकाच्या मनात आलेख म्हणजे आकड्यांचं चित्र, आणि चित्र काढायचंच असतं. तपासणाऱ्याला खटकलं ते म्हणूनच.

कंपायलरवाल्यांचा ग्राफ हा दुसऱ्या घराण्यातला. तो रसायनशास्त्रातून आला. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ अणूंसाठी अक्षरं लिहून ती रेघांनी जोडू लागले. या चित्रलेखनाच्या इंग्रजी नावातला ‘ग्राफिक’ छाटून जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या गणितज्ञाने १८७८ साली ‘नेचर’ नियतकालिकात अशा जोडणीला ‘ग्राफ’ म्हटलं. विषय त्याहून जुना. ऑयलर या गणितज्ञाने क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फेरी मारता येईल का) १७३६ मध्येच सोडवलं होतं, फक्त त्याच्याजवळ हा शब्द नव्हता. म्हणजे इंग्रजीतही हा एक शब्द दोन वस्तूंना चिकटलेला आहे, एक आकड्यांचं चित्र आणि एक गाठींचं जाळं. त्यांची अडचण आपण ‘आलेख’ लिहून आयती ओढवून घेतो.

इथवर शब्दांचं झालं. पण ‘बांधतो’ का बरोबर, हे कळायला कंपायलर नेमकं काय करतो ते पाहावं लागेल, आणि मला खरं तर त्यातच जास्त गोडी आहे.

जावातली एक बारकी स्टॅटिक मेथड घ्या (मेथड म्हणजे नाव घेऊन बोलावता येणारा आदेशांचा तुकडा). तिला ०, १ आणि २ या कप्प्यांत तीन पूर्णांक मिळतात: दर, नग, हमाली. दराला नगांनी गुणायचं, हमाली मिळवायची, उत्तर परत द्यायचं. याचा बाइटकोड सहा आदेशांचा होतो. कप्पा ० मधला आकडा चवडीवर ठेव. कप्पा १ मधला ठेव. वरचे दोन उचल, गुणाकार ठेव. कप्पा २ मधला ठेव. वरचे दोन उचल, बेरीज ठेव. वरचा आकडा घेऊन परत जा. प्रत्येक आदेश एका बाइटचा: २६, २७, १०४, २८, ९६, १७२. आदेशाचा क्रमांक एका बाइटात मावतो म्हणून ‘बाइटकोड’. (‘स्टॅक’ला मी चवड म्हणतो. भाकऱ्यांची चवड जिने पाहिली आहे तिला वरचीच आधी निघते हे समजावावं लागत नाही. ‘राशी’ किंवा ‘ढीग’ म्हटलं तर ही शिस्त हरवते.)

ही मेथड वारंवार बोलावली जाऊ लागली की जावा चालवणाऱ्या यंत्रणेतला दुसरा कंपायलर जागा होतो (बाइटकोड तयार करणारा तो पहिला). हॉटस्पॉट नावाच्या अशा यंत्रणेतला सी-टू हा त्यातला नावाजलेला. तो हेच सहा आदेश ओळीने वाचतो आणि चालवल्याचं नाटक करतो. ही भातुकली आहे. खऱ्या स्वयंपाकात चवडीवर ५० किंवा १२ असे आकडे पडतात, भातुकलीत आकडे नसतातच, त्यांच्या जागी चिठ्ठ्या पडतात. पहिला आदेश वाचला, ‘दर’ची चिठ्ठी ठेवली. दुसरा वाचला, ‘नग’ची ठेवली. तिसरा गुणाकाराचा. आता एक नवी गाठ जन्माला येते, तिला दोन धागे जोडले जातात, एक ‘दर’कडे जाणारा आणि एक ‘नग’कडे. त्या दोन चिठ्ठ्या उचलून गुणाकाराच्या गाठीची चिठ्ठी चवडीवर जाते. मग ‘हमाली’ची चिठ्ठी. बेरजेपाशी दुसरी गाठ, तिचा एक धागा गुणाकाराकडे, दुसरा ‘हमाली’कडे. शेवटी परतीची गाठ, तिचा धागा बेरजेकडे.

आता शिल्लक काय राहिलं ते पाहा. ‘चवडीवर ठेव’ असं सांगणाऱ्या तीन आदेशांची ग्राफमध्ये खूणसुद्धा नाही. चवडही नाही आणि कप्पेही नाहीत. बांधकाम चालू असताना चवड लागली, काम झालं आणि ती गेली. भिंत उभी राहिल्यावर गवंडी परांची सोडवतो, तसं. मला वाटतं ‘बांधणे’ या क्रियापदाचा याहून चांगला पुरावा नको.

धाग्यांची दिशाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याला वाटतं किंमत ‘दर’कडून गुणाकाराकडे वाहते, म्हणून बाण तसा असावा. सी-टूमध्ये गाठ आपल्याला काय लागतं तिकडे बोट दाखवते. बेरीज विचारते, माझे दोन आकडे कुठून यायचे? म्हणून ‘एज’ला (धाग्याचं इंग्रजी नाव) ‘प्रवाह’ म्हणणं धोक्याचं. ‘कड’ तर त्याहून वाईट, कारण जाळ्याला कड एकदाच, बाहेरून असते. धागा बरा, फार तर दुवा.

बाइटकोडात ओळ असते, एकामागून एक. ग्राफमध्ये गरज असते. ज्या दोन गाठींना एकमेकींची गरज नाही त्यांच्यात आधी कोण आणि नंतर कोण हा प्रश्नच उरत नाही. क्लिफ क्लिक या कंपायलरवाल्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ही कल्पना टोकाला नेली. गाठी कुठल्याच ठिकाणी बांधून ठेवायच्या नाहीत, गरजेच्या धाग्यांवर तरंगू द्यायच्या, यंत्राचे आदेश काढताना शेवटी त्यांना जागा द्यायची. म्हणून त्याला गाठींचा समुद्र म्हणतात. (समुद्रात गाठी कशा, हे मला विचारू नका, रूपक त्यांचं आहे.) आणि तोच हिशेब दोनदा आला, समजा ‘दर गुणिले नग’ मेथडमध्ये पुन्हा एकदा लिहिलं असेल, तर दुसरी गाठ बांधतच नाहीत, जुनीलाच आणखी एक धागा येऊन मिळतो. ‘वृक्ष’ हा पर्याय बाद होतो तो इथे. झाडाच्या फांदीला दोन बुंधे नसतात.

खरी गंमत वाट फुटते तिथे आहे. समजा मेथडमध्ये भर घातली, शंभराहून जास्त नग असतील तर हमाली माफ. आता बाइटकोडात ‘इतकं असेल तर अमुक ठिकाणी उडी मार’ असा आदेश येतो. उडी कुठे कुठे पडते ते कंपायलर आधी हेरून ठेवतो आणि तिथे तिथे बाइटकोडाचे खंड पाडतो. मग एकेका खंडाची भातुकली स्वतंत्र, आणि खंड संपताना कुठल्या कप्प्यात कुठली चिठ्ठी होती त्याची नोंद. दोन वाटा पुन्हा एकत्र येतात तिथे दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहतात. ‘दर’च्या कप्प्यात दोन्हीकडून तीच चिठ्ठी आली, काही करायला नको. ‘नग’चंही तेच. हमालीच्या कप्प्यात मात्र एका वाटेने ‘शून्य’ आलं आणि दुसरीने ‘हमाली’. मग तिथे एक खास गाठ बांधतात. ती हिशेब काहीच करत नाही, फक्त म्हणते, ज्या वाटेने आलात त्या वाटेचं घ्या.

हिचं नाव ‘फाय’, ग्रीक अक्षर. नावाची हकीकत मोठी खट्याळ आहे. ऐंशीच्या दशकात आयबीएममधल्या ज्या मंडळींनी ही युक्ती काढली ती आपसात हिला ‘फोनी’ म्हणत, म्हणजे बनावट, लटकी. शोधनिबंधात असं लिहिणं बरं दिसेना, म्हणून ‘फाय’. तेव्हा मराठीत कुणी हिला ‘तोतया गाठ’ म्हटलं तर मूळ मंडळी रागावणार नाहीत. ‘संगम’ सुचला होता, पण तो मी वाटा एकत्र येतात त्या ठिकाणासाठी राखून ठेवेन. संगमावर पाणी मिसळतं. फायच्या गाठीत काहीच मिसळत नाही, दोनांतलं एक निवडलं जातं.

लूप, म्हणजे तेच आदेश पुन्हा पुन्हा चालवणारा फेरा, आला की आणखी पंचाईत. लूपच्या तोंडाशी दोन वाटा येतात, एक बाहेरून आणि एक लूपच्याच शेपटाकडून, आणि ती शेपूट कंपायलरने अजून वाचलेलीच नसते. म्हणून तो फायची गाठ आधीच बांधतो, तिचा एक धागा मोकळा सोडतो आणि शेपटापर्यंत वाचून झालं की तो जोडतो. मोकळा धागा सोडून पुढे विणत जायचं, ही गोष्ट ‘काढणे’ या क्रियापदात कशी बसवणार?

आणखी एक, म्हणजे ‘मधला’चं माझं वकीलपत्र पुरं होईल. हा कंपायलर पैजा लावतो. आजवर एखादी वाट कधीच घेतली गेली नाही, तर पुढेही घेतली जाणार नाही असं धरून चालतो. पैज हरली तर तयार केलेले यंत्र-आदेश अर्ध्यावर सोडून पुन्हा बाइटकोडाकडे यावं लागतं, नेमक्या त्याच आदेशापाशी, कप्प्यांत आणि चवडीवर नेमकं तेच घेऊन. म्हणून ग्राफ बांधताना ठिकठिकाणी नोंद गुंफलेली असते, इथे बाइटकोडातलं हे ठिकाण, त्या वेळी कप्प्यांत हे होतं. चवड गेली असं मी वर म्हटलं, ते एवढ्यापुरतं अपुरं. तिचा पत्ता जपून ठेवलेला असतो. पुढे जाण्याचीही सोय आणि मागे फिरण्याचीही, असा हा मधला.

हे सगळं जावापुरतं नाही. क्रोममधल्या व्ही-एट या जावास्क्रिप्टच्या इंजिनातही बाइटकोडापासून असाच ग्राफ बांधतात. तिथल्या मंडळींना मात्र तरंगत्या गाठींचा पुढे जाच होऊ लागला. जावास्क्रिप्टमध्ये जवळपास प्रत्येक कृतीचा इतरत्रही परिणाम होऊ शकतो, त्यामुळे गाठी क्रमाच्या धाग्यांनी जखडलेल्याच राहतात, तरंगायला मोकळ्या फारशा उरत नाहीत. २०२५ मध्ये त्यांनी हा समुद्र सोडून खंडांच्या किनाऱ्याला लागत असल्याचं सविस्तर लिहिलं. ग्राफ सोडला नाही, तरंगणं सोडलं.

‘गाठ’ हा शब्द मी वर न विचारताच वापरला. इंग्रजीत तिला ‘नोड’ म्हणतात. ‘नोड’चं लॅटिन मूळही गाठच, आणि आपली ‘गाठ’ संस्कृत ‘ग्रंथि’पासून. ‘ग्रंथ’ त्याच घरातला, ग्रन्थ् म्हणजे बांधणं, गुंफणं. ‘ग्राफ’ आणि ‘ग्रंथ’ कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण एकाच्या मुळाशी ओरखडा आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी गाठ. कंपायलरचं काम दुसऱ्या जातीचं. म्हणून ‘ग्रथन’ हा प्रतिशब्द सुचवण्याचा मोह मला झाला होता. पण वाचकाला थांबून कोश उघडावा लागेल असा शब्द सुचवण्यात काय हशील? ‘ग्राफ’ राहू द्यावा, आणि नोडसाठी ‘गाठ’ पहिल्यांदा येईल तिथे एकदा समजावून मग बिनधास्त वापरावी.

‘कंपायलर’ला ‘संकलक’ करावं का, असंही प्रश्नकर्तीने जाता जाता विचारलं आहे. ग्रेस हॉपर या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९५२ च्या सुमारास पहिल्यांदा हा शब्द वापरला तेव्हा त्यांचा ए-झिरो हा कार्यक्रम टेपवरच्या तयार उपकार्यक्रमांचं खरोखरच संकलन करत होता. तेव्हाचा तो संकलक. आजचा नाही, त्यामुळे आहे तेच ठेवा.

तर वाक्य असं: ‘कंपायलर बाइटकोड वाचत वाचत मधला ग्राफ बांधतो.’ तपासणाऱ्याला तरीही ‘बांधतो’ खटकला, तर ‘विणतो’ला माझी हरकत नाही. ‘काढतो’ला आहे.